उंबऱ्याबाहेरून

संजीवच्या पितळी भांड्यांच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसताना माझं कोपर टेबलफॅनच्या जाळीला लागलं आणि हातात मुंग्या आल्या. फार नाही. ज्याचा हा धंदा नाही त्याला वाटलं असतं, नस दबली. मी हात मागे घेतला आणि मग सवयीनं बोटांची उलटी बाजू पुन्हा जाळीला टेकवली. आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. संशय असेल तिथं तळहात लावायचा नाही. करंट लागला की मूठ आवळते आणि माणूस तारेला धरून राहतो. बोटांची पाठ लावली तर हात आपोआप मागे येतो. पुन्हा मुंग्या. "तुह्या फॅनमध्ये करंट येऊन राहिला बे," मी म्हणालो. संजीव एका बाईला पाण्याचा पितळी गुंड दाखवत होता. मान न वळवता म्हणाला, "येते थोडा थोडा. पुरापासूनच येते. आमाले आदत झाली." तो हसला, बाईही हसली. मला मात्र एकदम आपल्या तळपायांची आठवण झाली. दुकानात चढताना जोडे खाली पायरीवर काढले होते, आणि मांडीतून सुटलेला एक पाय गादीच्या कडेला थंड फरशीवर टेकला होता. हाताला मुंग्या आणि पायाखाली गार जमीन, एवढंच.

चार वाजता दुर्गाबाईंकडे जायचं होतं आणि मी तीनपासून संजीवकडे बसून वेळ मारत होतो. दुर्गाबाई म्हणजे सेवकराम विणकराची बायको. सेवकराम माझ्यामुळे गेला असं मी म्हणत नाही. ग्राहक मंचानंही तसं म्हटलेलं नाही, पोलिसांनीही नाही. माझ्या शर्टाच्या खिशात त्या वेळी पाच वर्षांसाठी नवा करून मिळालेला वायरमनचा परवाना होता, सकाळीच हातात पडलेला, अजून नीट घडीही न मोडलेला. निर्दोष माणसाच्याच खिशात परवाना असतो. स्वातीनं, माझ्या बायकोनं, परवान्याला हळदकुंकू लावायचं म्हणून वरठीच्या घरून फोन करून बजावलं होतं, घरी आणा, कोणाले दाखवत बसू नोका. आणि तिचा फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा फोन आला. "मी दुर्गाबाई बोलतो, भाऊ. सेवकराम विणकराच्या घरून. मागाच्या खोलीतली लाइट पाहून द्याची होती. तुमी खोटं नाही बोलले तिथं, म्हणून तुमालेच फोन केला." मी हो म्हणालो. नाही म्हणायला काही कारण सापडेना, आणि कारण शोधण्याइतका वेळ तिनं दिला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या पुरात वैनगंगा दोन दिवस शहरात बसून होती. पाणी उतरलं तेव्हा नदीकडच्या वस्तीत छातीइतक्या उंचीवर सगळ्या भिंतींना एकच काळी रेघ उमटली होती. मीटर बुडाले, बोर्ड बुडाले. लाइट पुन्हा जोडायची तर परवान्याच्या वायरमननं घर तपासून सही करायला हवी, आणि तसे वायरमन गावात बोटांवर मोजण्याइतके. माझा परवाना कोरोनात संपला होता, ऑफिस बंद, मी घरी बसून शेजाऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देत होतो. मग सवलत निघाली: ज्यांचे परवाने संपले त्यांचेही नव्वद दिवस चालू समजावेत. फॉर्म छोटा केला. पूर्वी खोली-खोलीची नोंद लिहावी लागायची, आता एक चौकट, 'संपूर्ण घर तपासले', तिथं एक खूण आणि खाली सही. लोकांची लूट होऊ नये म्हणून दरही बांधून दिला, चौकाचौकात फलक लागले, जास्त मागितल्यास या नंबरवर तक्रार करा. मी एक रुपया जास्त घेतला नाही. हे आजही कोणालाही छातीठोकपणे सांगतो. एका म्हातारीनं कोंबडी देऊ केली तीही परत केली. गिऱ्हाइकाची लूट म्हणजे पैसाच, असं त्या दिवसांत सगळ्यांनीच धरलं होतं. एका घरात किती वेळ उभं राहायचं, हे कुठल्याच फलकावर नव्हतं. मी दिवसाला पंचवीस-तीस घरं उडवत होतो आणि लोक मला देवासारखं पाणी विचारत होते. दोन महिन्यांपूर्वी हेच लोक मला ओळख देत नव्हते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

पाय मात्र सडले. रबरी गमबूट सकाळी घातले की रात्री निघायचे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, मग तळव्यांची कातडी पांढरी पडून सोलायला लागली. रात्री स्वाती परातीत कोमट पाणी घेऊन बसायची आणि मोजा ओढला की त्याच्याबरोबर कातडीही यायची. ती हळद-तेल भरायची, मी दात आवळून छताकडे बघायचो. बूट काढणं एक वेळ परवडलं, पण पुन्हा घालणं म्हणजे जीव जायचा. म्हणून मी दिवसा बूट काढतच नव्हतो, आणि ज्यांची घरं चिखलानं भरली होती ते तरी कशाला काढा म्हणतील.

दुर्गाबाईंचं घर त्या दिवशीचं एकोणिसावं होतं. सेवकराम अंगणात उन्हात बसून मागाची फणी ब्रशनं घासत होता, तिच्या दातांतला चिखल काढत होता. साठीचा माणूस, खांदे अरुंद, हात मात्र लांब. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नीट नाही. "लाइट लवकर द्या, भाऊ," एवढंच म्हणाला. "आठ दिवस झाले माग बंद हाये." पुढच्या दोन खोल्या मी तपासल्या. नीट तपासल्या, मशीन लावून, अर्थिंगसकट. मग मागची खोली आली आणि दुर्गाबाई हातातलं फडकं तसंच धरून आडव्या आल्या. "जोडे काढा जी. मागाची खोली हाये." आमच्याकडे विणकराच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा मागाचं सोवळं जास्त. घरातलं पोरही तिथं चप्पल घालून जात नाही. पूर येऊन गेला, अख्ख्या शहराची घाण त्या खोलीतून वाहून गेली, तरी हिनं शेणानं सारवून घेतलं होतं आणि जोडे काढा म्हणत होती. मला हसू आलं, मग राग आला. "काकू, पाय सडले माहे. जोडे निघत नाहीत," मी म्हणालो. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तोंडावर काय दिसलं त्यांना कोण जाणे. चेहरा एकदम मऊ झाला. "अरे बापा. मंग राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाहेरूनच पाहा." मी उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून मान आत घातली. मागाखालचा खड्डा दिसत होता, ज्यात पाय सोडून विणकर बसतो. बादलीनं पाणी उपसलेलं, तळाशी ओल. वर बल्ब, त्याला पत्र्याची टोपी. "ठीक हाये," मी म्हणालो. फॉर्मवर खूण केली आणि विसाव्या घराकडे गेलो.

पुढचं मला मंचातच पहिल्यांदा नीट कळलं, दुर्गाबाईंच्या तोंडून. पुरापासून अकराव्या दिवशी सकाळी सेवकराम मागावर बसला. त्या स्वयंपाकघरात धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होत्या. धोटा जातो-येतो तो ठेका त्यांच्या कानात लग्न झाल्यापासून बसलेला. माग थांबला की समजायचं, धागा तुटला, बुढा सांधून राहिला. माग थांबला. त्या सांधायची वाट बघत बसल्या. चार कांड्या भरून झाल्या, असं त्यांनी सांगितलं, चार. मग उठून बघायला गेल्या. तुटलेला धागा दिसावा म्हणून त्यानं पत्र्याची टोपी धरून बल्ब जवळ ओढला होता. मूठ वळलेली होती. उघडे पाय खड्ड्यात, ओल्या मातीवर.

तक्रार काही त्यांनी आपणहून केली नव्हती. वस्तीतली चार शिकलेली पोरं पुढे झाली, सेवेत त्रुटी म्हणून मंचात केस लावली. माझे वकील श्यामराव, धोतर नेसणारे, पान खाणारे, म्हातारे. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "धर्मेंद्र, खोटं बोलाचं नाही. खरंच बोलाचं. फक्त विचारलं तेवढंच बोलाचं." मी तसंच केलं. खोलीत गेलात का? नाही. का नाही? बाईंनी जोडे घालून येऊ दिलं नाही. खूण संपूर्ण घराची का केली? फॉर्ममध्ये एकच चौकट होती. मग दुर्गाबाईंना विचारलं, हे खरं आहे का? नीट आठवून सांगा. अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा तर आवाज हळू करून विचारलं, बिचाऱ्यांनी वाट काढून द्यायचा प्रयत्न केला. दुर्गाबाई उभ्या राहिल्या. "खरं हाये जी. मीच आडवी आली. त्याईचे पाय दुखत होते, म्हणून मीच म्हणलं, बाहेरूनच पाहा. त्याईचा काही दोष नाही." आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. केस तिथंच संपली. ती पोरं चिडून निघून गेली, दुर्गाबाईंना घरी सोडायलाही कोणी थांबलं नाही. मी मोटारसायकलवर होतो. मी पण थांबलो नाही.

संजीवच्या दुकानातून उठलो. त्याच्या फॅनची पिन उपटून ठेवली. "याले हात नोको लावू," म्हटलं, तर म्हणाला, "इतका कायले भेतं बे, तू वायरमन असून?" पायरीवर जोडे घातले. गाडी काढली. बाजारातली गर्दी, ऑटोवाले, रस्त्याच्या मधे उभी म्हैस, सगळं नेहमीचं. नदीकडे उतार लागला तशी भिंतींवरची ती काळी रेघ दिसायला लागली. दोन वर्षांत काहींनी रंग मारला, पण रेघ रंगातूनही डोकं काढतेच. आता इथं एक गोष्ट सांगून टाकतो, जी श्यामरावांना सांगितली नाही, स्वातीलाही नाही. मंचात मला सगळं विचारलं, पण उंबऱ्यातून काय दिसलं, हे कोणी विचारलं नाही. मला मागाशेजारचा, छताला आधार दिलेला खांब दिसला होता. खांबाच्या आतल्या अंगाला लोखंडी खिळा, त्या खिळ्याला गुंडाळून बल्बची वायर पुढे नेलेली, आणि तिथंच वायरच्या सांध्यावरची काळी टेप पुराच्या पाण्यानं फुगून लोंबत होती. टेपखाली तांबं चमकत होतं. बल्बची पत्र्याची टोपी त्याच खिळ्याला लोखंडी तारेनं अडकवलेली. मी ते पाहिलं. बूट काढायचे, टेप मारायची, बूट घालायचे. बूट घालायचे, इथं माझं मन अडकलं. परतताना बघू, असं मी म्हटलं, मनातल्या मनात, आणि परतताना दुसऱ्या गल्लीनं आलो.

दुर्गाबाई दारातच उभ्या होत्या. वाळल्या होत्या, बांगड्या नसलेले हात कोपरापर्यंत दोरीसारखे दिसत होते. वस्तीतून ऐकलं होतं की ही बाई आता कोणालाच जोडे काढायला सांगत नाही, लोक देव्हाऱ्यापर्यंत चपला घालून जातात आणि ही बघत राहते. शेजारणींना सांगते, माह्या 'जोडे काढा, जोडे काढा'नं बुढा गेला. मला वाटायचं, लोक वाढवून सांगतात. "या भाऊ. या तसेच आत," त्या म्हणाल्या. "जोडे नोका काढू. माग नाही आता. लाकूड विकलं, खड्ड्यात मुरूम भरला. सोमवारी किरायेदार येणार हायेत, त्याईले लाइट पाह्यजे." मी मेन बंद केला. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी आलो आणि जोडे काढले. कशाला काढले? दाखवायला, दुसरं काय. पाय आता बरे होते, जोडे साधे होते, दोन सेकंदांचं काम होतं. खोलीत दिवसाही अंधार, एक हातभर झरोका. सारवलेल्या जमिनीत मधोमध लांबट चौकोन, वेगळ्या रंगाचा. मुरमाचा. मी त्याला वळसा घालून गेलो. त्या टॉर्च शोधत होत्या, मागून खडखड ऐकू येत होती, आणि मी खांबापाशी पोचून आतल्या अंगाला हात घातला होता. बोटांची पाठ. खिळा लागला, लोंबणारी टेप लागली, दोन वर्षांत वाळून कडक झालेली. त्यानंतर टॉर्चचा उजेड माझ्या हातावर आला.

"तुमी त सीधे तिथंच गेले," दुर्गाबाई म्हणाल्या.

"अंदाज असते, काकू. धंदाच हाये आपला."

उजेड हलला नाही. मग हलला. त्या मागे-मागे सरकत उंबऱ्याच्या बाहेर गेल्या, माझ्या जोड्यांच्या बाजूला, आणि तिथं उभ्या राहून त्यांनी मान आत घातली. टॉर्च डोळ्याच्या उंचीवर धरला. उजेड सरळ खिळ्यावर पडला, खिळा, टेप आणि माझी चार बोटं. "इथून दिसते," त्या म्हणाल्या. स्वतःशीच बोलल्यासारखं. मी खिशातून नवी टेप काढली, तिचं टोक सापडेना. नख लावून लावून शोधत होतो.

"भाऊ, एक विचारू काय?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं; भांडायला मी कच्चा नाही. "त्या दिवशी दिसलं होतं काय तुमाले हे? केस संपली. मी कोणाले सांगत नाही, माह्या बुढ्याची आन. त्या पोरायलेही नाही. दोन वरसं झाले, मीच मारलं म्हणून उठाचं, मीच मारलं म्हणून पडाचं. झोप नाही, भाऊ. भात गिळत नाही. तुमाले दिसलं असन त फक्त हो म्हणा. तुमाले काही नाही म्हणत मी. मले तेवढं पुरते."

पहिल्यांदाच कोणीतरी नेमकं तेच विचारलं होतं. मी खांबाकडे तोंड करून उभा होतो, पायाखाली सारवणाचा गारवा होता, आणि हो हा शब्द माझ्या तोंडात आला होता, खरंच आला होता, जिभेवर त्याचं वजन कळत होतं. शब्द किती लहान, श्वास सोडला तरी झाला असता. आणि त्याच वेळी मी हिशेब करत होतो की बाई म्हणते सांगणार नाही, पण बाईच ती, आज हलकी होईल आणि उद्या शेजारणीपाशी बोलेल, परवा ती पोरं येतील, वर अपील होतं का, किती दिवसांत होतं, श्यामरावांना विचारायला हवं. खिशातला कागद छातीला टोचत होता. माझंही घर आहे. मी काही मुद्दाम केलेलं नाही. आणि इतकी दोन वर्षं जिनं ओढली तिला पुढची ओढायला काय अवघड आहे, असंही माझ्या मनात आलं. आलं ते आलं, लपवत नाही.

"नाही काकू," मी म्हणालो. "अंधार होता."

टेपचं टोक सापडलं. "बरं," दुर्गाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "मंग माहंच हाये," असं म्हणाल्या आणि टॉर्च नीट धरला, मला दिसावं म्हणून. मी तांबं घासलं, सांधा आवळला, टेप मारली, खिळ्यावरून वायर सोडवून वेगळ्या लाकडी पट्टीवर घेतली. चार मिनिटंही लागली नाहीत. मेन चालू केला. बल्ब लागला आणि मुरमाचा चौकोन एकदम पिवळा दिसला. फॉर्म आता पुन्हा जुना, लांब झाला आहे, खोली-खोलीची वेगळी ओळ. मी तिन्ही ओळी भरल्या. "कुठं सही करू?" त्यांनी विचारलं, मी बोट ठेवलं, त्यांनी सावकाश, एक-एक अक्षर काढत सही केली. दर विचारला, मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही, पदराच्या गाठीतले बांधलेल्या दराचेच पैसे दिले, कमी नाहीत, जास्त नाहीत. मी घेतले.

बाहेर आलो तेव्हा माझे जोडे मी काढले तसे वेडेवाकडे नव्हते. त्यांनी ते उचलून, तोंड फिरवून, सरळ पाय घालता यावेत असे जोडीनं ठेवले होते. मी वाकलो.

"पाय बरे हायेत ना आता?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"बरे हायेत," मी म्हणालो, आणि जोडे घातले.